घसारा

सोसायटीच्या वहीत अनुक्रमांक तीन:
डोंगा, लाकडी, एक नग.
खरेदी बारा कुडो धान आणि एक बोकड.
आजा दसारामनं येनाचं खोड कोरलं त्या साली
टोलीवर रोख रक्कम कोणाजवळच नव्हती.
नंतरच्या सचिवानं बोकडाचे रुपये केले,
धानाचे केले, एकशे नव्वद लिहिले,
आणि तेव्हापासून दर मार्चला
दहा टक्के घसारा.

मी सचिव झाले तेव्हा पुस्तकी किंमत होती रुपया एक.
मी म्हटलं, शून्य करू का?
ऑडिटर चष्म्यावरून बघत म्हणाला,
नाही करता येत. वस्तू वापरात आहे ना अजून?

आहे.
रोज पहाटे बाप उरकुडा तिच्यात बसतो,
(आमच्यात डोंगा 'तो', पण बाप 'ती' म्हणतो)
मागच्या टोकाला लाकूड काळं पडलंय,
थंडीत तिथे घमेल्यात विस्तव असतो.
त्याच काळ्या डागाला पाठ टेकून
गौराबाई पलीकडच्या टोलीवरून दवाखान्यात आली होती
आणि दोघं होऊन परत गेली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही.

बुटीबोरीचं कोटेशन आलंय.
फायबरची, अठरा फुटी, निळी.
चौऱ्याहत्तर हजार पाचशे, जीएसटी वेगळा,
साकोलीपर्यंत पोच. पुढचं तुम्ही बघा.
कोरोनाच्या साली हीच एक्केचाळीसला होती,
तेव्हाही आम्ही म्हणालो होतो, थोडं थांबू, उतरेल.
रोहू शेठच्या काट्यावर एकशे साठ.
मी कॅल्क्युलेटर काढला:
एक बोट म्हणजे चार क्विंटल पासष्ट किलो रोहू.
वारलू मेश्राम मागून बोलला,
येवढ्यात माह्या पोराची मोटरसायकल येते,
अन् बुडत नाही ते.
सगळे हसले. त्याची पोरं
थर्माकोलच्या पेट्या बांधून जाळं टाकतात,
पाय पाण्यात, पोटरीत शिंगाड्याचा काटा.
तो स्वतः हसला नाही.

मग नागझिऱ्याच्या रस्त्यावरचा रिसॉर्टवाला आला,
खिशातून टेप काढून
डोंग्याची लांबी घेतली, रुंदी घेतली,
काळ्या डागावरून बोट फिरवलं
आणि म्हणाला, ओरिजिनल आहे, हेच पाहिजे.
जेवणाच्या हॉलमध्ये ठेवतो. बर्फ भरून वर सॅलड.
पन्नास हजार.
फक्त दिवाळीपर्यंत वाळवून द्या, पॉलिश आम्ही करू.
पाच हजार ॲडव्हान्स वहीवर ठेवून गेला,
त्या एक रुपयाच्या ओळीवरच.

सभा झाली. पन्नास अधिक सबसिडी,
उरलेले वर्गणीनं. कोणी विरोधात नव्हतं.
मीही नव्हते, खरं सांगते.
चार घरं थर्माकोलवर आहेत.
बाप कोपऱ्यात जाळ्याची गाठ सोडवत होता,
म्हणाला, वाळवा म्हनते का थो?
वाळला का तडकते ते. येन आहे.

आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.
दर उन्हाळ्यात, पाणी मागे सरकलं की,
तो डोंग्यात दगड भरतो आणि
तलावाच्या खोल पोटात बुडवून ठेवतो.
आखाडीला वर काढतो.
शेवाळ खरवडतो, जवसाचं तेल चोळतो,
पुन्हा वर्षभर काही बघावं लागत नाही.
चौपन्न वर्षं असंच चाललंय:
टिकवायचा तर बुडवायचा.

यंदा मात्र कार्तिक लागायला आठ दिवस होते.
सकाळी काठावर डोंगा नव्हता.
दगडांचा ढीगही नव्हता.
बाप ओल्या लुंगीत चहा पीत बसलेला,
मी काही विचारलं नाही,
त्यानंही कप खाली ठेवला नाही.

रिसॉर्टवाल्याचे दोन फोन येऊन गेले.
वारलूची पोरं काल रात्री पुन्हा थर्माकोलवर.
पाच हजार कपाटात आहेत, रबर लावून.
मी वही उघडून बसलेय.
अनुक्रमांक तीन. डोंगा, लाकडी.
वापरात आहे का, असा रकाना आहे,
होय किंवा नाही.