ठिकरी

मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर दुसरा मजला.
जिना चढेपर्यंत चपलांचे तळवे पिवळे होतात.
वर तिघंजण, चार कॉम्प्युटर, एक टेबलफॅन
आणि दारावर डकवलेला कागद : ठिकरी गेम्स.
नावाखाली कुणीतरी जॉयस्टिक काढलेली,
तिला डोळे, डोळ्यांत विजा.
नौशीन शिकलगार म्हणाली,
ताई, हे सोडून काहीही.

मी वीस वर्षं पाकिटं करते.
हळद, भडंग, बेदाणा, पापड.
वीस वर्षं एकच वाक्य ऐकते,
खुर्ची मागं सरकवून, मान तिरकी करून म्हटलेलं :
नाव जरा मोठं घ्या की.
ही पोरं म्हणाली, लहान करा.
अजून लहान.
फोनवर नखाएवढी जागा असते,
तिथं नाव मावत नाही, गोष्ट मावत नाही.
सरकणारं बोट थांबलं पाहिजे, बास.

आपल्याकडं काढणं एकच.
चित्र काढतात, काटाही काढतात.
पहिला आठवडा मी काढत होते :
आखलेली घरं, लंगडी घालणारी मुलगी,
तिची वेणी, वेणीला रिबीन.
मोठ्या पडद्यावर बघून कुलभूषणनं टाळी वाजवली.
नखाएवढी केली
तर ताकात पडलेली माशी.

दुसरा आठवडाही काढतच होते.
रिबीन काढली, वेणी काढली,
मुलगी काढली तर पाय राहिला एकटा.
मगदूमांचा भरतेश म्हणाला, मिरजेत चालेल,
हाडांच्या दवाखान्याला.
पायही काढला.
राहिला खापराचा तुकडा.

पिवळा केला, पांढऱ्यावर दिसेना.
सावली दिली, साबणाची वडी झाली.
नौशीनचे अब्बा सतारी करतात,
त्यांच्या तडकलेल्या फोनवर, भर उन्हात धरून दाखवला.
हात पुसत म्हणाले,
भोपळा फुटला वाटतं कुणाचा.
मला ते आवडलं. फुटलेलं आहे
एवढं तरी कळलं होतं.

हरभट रोडला रबरी शिक्का करून घेतला,
एकशे चाळीस रुपये.
जे एका शाईत, गोणपाटावर उभं राहत नाही
ते काचेवर काय टिकणार, हा माझा हिशेब.
खाली रिकाम्या पोत्यावर सात वेळा मारला.
दोनदा पसरला. पाचदा उमटला.

काट्याजवळ बिरू सरगरांची नात, राजनंदिनी,
डबा घेऊन आलेली.
तिला पोतं दाखवलं, दहा मोजले,
पोतं पालथं घातलं.
काय होतं, काढ बघू.
तिनं भिंतीवर, पुराची रेघ आहे तिच्या जरा खाली,
खडूनं चार रेघा ओढल्या
आणि हात फ्रॉकला पुसला.

मी पाच कोपरे दिले होते.
पाचव्यावर दोन रात्री गेल्या होत्या.
तिथं मी उजेड अडकवला होता,
तुटल्याचं दुःख का काय ते
तिथंच ठेवलं होतं.
तिला तो आठवलाच नाही.

वर जाऊन तो कोपरा काढला.
वाईट वाटलं. खरंच वाटलं, चहा गार झाला.
मग एक बाजू किंचित वाकडी ठेवली,
कारण नीट चौकोन झाला की ती फरशी,
आणि फरशीशी कोण खेळतं,
फरशी पुसतात.

महिनाअखेरीस बिल घेऊन गेले
तर जिन्यात शीतलशेठ, खालच्या अडतीचे, जागाही त्यांचीच.
त्यांच्या पाकिटावरचं नाव
मी आजवर चारदा मोठं केलंय.
दारावर नवी पाटी, तिच्यावर एक तुकडा,
बाकी सगळं मोकळं.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाटी पाहिली,
मग माझ्या हातातला कागद.
एवढ्याशा खापराचे अकरा हजार?

मी म्हटलं, शेठ,
अख्खं कौल असतं
तर स्वस्तात दिलं असतं.