सहा अंश

इंदूरपासून समुद्र किती लांब, असं खासगीवाले काकांना विचारलं
तर ते किलोमीटर सांगत नाहीत.
"एक रात्र आणि अर्धा दिवस," म्हणतात,
जुन्या सुटीच्या हिशेबाने.

रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर
त्यांनी चिनी जहाज अंथरलंय.
वरून घेतलेल्या फोटोची झेरॉक्स, चार कागद चिकटवून,
एका सांध्यावर वरणाचा डाग.
विमानं म्हणजे लग्नपत्रिकांचे कापलेले त्रिकोण.
एकाच्या पंखावर अजून
श्री गजानन प्रसन्न.

नातीचा कोनमापक घेऊन वाकले.
"सहा अंश. थोडं इकडेतिकडे. फोटोवरून एवढंच कळतं."
उतरायची पट्टी अशी तिरकी जाते
आणि गोफणींच्या अंगावरून जाते.
(कॅटापल्टला ते गोफणच म्हणतात. ह्या विजेच्या, तीन.)
"एक गोफण तर सगळ्यांचीच वाटेत येते.
यांची दुसरीही पाय पसरून बसलीय बघ.
वरून कोणी उतरत असेल
तर हिने दगड हातात धरून थांबायचं."

मी म्हटलं, मग कोन वाढवा.
त्यांनी पेन्सिलने वाढवला.
जहाजाला डावीकडे पोट सुटलं.
मी म्हटलं, मनोरा मागे ढकला.
"आणि धुराडं? खाली बॉयलर आहेत, बाई,
त्यांना नाक कुठून देणार?"
लिफ्ट दोनच का? तिसरी कापा की कडेला.
त्यांनी दोन त्रिकोण उचलून माझ्या तळहातावर ठेवले.
"ही दोन कुठे उभी करू, सांग."

मी ते धरून बसले.
पिशवीत माझाही एक नकाशा होता,
महापालिकेचा, सराफ्याचा:
रात्रीच्या गाड्या, ओटे, नाल्या,
आणि मधून लाल रेघेने बंबाची वाट,
जी प्रत्येक गाडीवाला
फक्त एक वीत मागतो.

काकांच्या जहाजाला गोफण नव्हती.
पुढे नाक वर केलेला उतार होता नुसता.
"साधं काम. बिघडायला काही नाही.
पण विमान अर्ध्या पोटी उडवायचं."
हे सांगताना ते डावा कान पुढे करतात.
उजवा कारवारच्या बाजूला कुठेतरी
इंजिनाच्या आवाजात राहिला.

रात्री त्यांना सराफ्यात नेलं.
सोनारांची शटरं एकेक खाली येत होती.
शेवटचा म्हातारा अजून काटा पुसत होता,
आणि त्याच्या पायरीशी
भुट्टयाच्या कीसवाला, गाडी तिरकी लावून,
स्टोव्ह न पेटवता उभा.
कोणी कोणाला काही बोललं नाही.
कुलूप लागलं. गाडी हलली.
मागून गराडूवाला, त्याची कढई, त्याचा भाचा, पाण्याचा पिंप,
आणि सगळे एकाच वेळी.

काका रस्त्याच्या मध्ये गेले.
दोन्ही हात खांद्यावर, कोपरात वाकवून,
पंजे आपल्याकडे.
ये. ये. डावं चाक. आणखी.
मग मुठी मिटून डोक्यावर.
गराडूवाला, ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नसेल,
जागच्या जागी थांबला.
चाक माझ्या लाल रेघेच्या
चार बोटं अलीकडे.
रेघ तिथे नव्हती, ती पिशवीत होती.

"बाबूजी, ट्रॅफिक में थे क्या?"
त्याने उजव्या बाजूने विचारलं.
काका काही बोलले नाहीत.
मी त्यांच्या डाव्या कानात सांगितलं.
"हो म्हणावं," म्हणाले, "ट्रॅफिकच."
मग कीस मागवला, लिंबू जास्त,
आणि खायला जागा शोधत
आम्ही दोघं द्रोण धरून बराच वेळ
नेमके बंबाच्या वाटेत उभे राहिलो.