कळलावी

ऐरोलीच्या फ्रिजात, दह्याच्या पातेल्यामागे,
आयरिसच्या बिया
सहा आठवडे थंडी सोसतात.

दोन जातींचा संकर. फूल देखणं,
पराग पोकळ. नऊ वर्षं
एक बोंड धरलं नाही.
वहीत लिहिलं ‘वांझ’,
मग खोडलं. तो शब्द घरात नको.

येऊरला कुंपणावर चढते ती कळलावी;
नाव उगाच नाही, कळा आणते.
तिच्यातलंच विष, थेंबभर, कोंबाच्या टोकावर:
पेशी सगळं दुप्पट करते
आणि वाटणी करायला विसरते.

तेरातले अकरा कोंब कुजले.
एक मुकाच राहिला.

आज गच्चीत, टाकीच्या सावलीत,
करंगळीएवढं बोंड.
चिमटीत धरलं हलकेच,
आत दाणे लागले.

केळुसकर बाई, जागा करा.
दही आजच संपवायला हवं.