तोंड

मी दातांची डॉक्टर. क्रॉयडनला, नॉर्थ एंडवर,
चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला.
दिवसाला चौदा-पंधरा तोंडं बघते.
प्रत्येकाला आधी विचारते, बघू का?
मग आ करायला सांगते.
मिसेस पिंकस्टन एकोणऐंशीच्या,
कवळी काढताना भिंतीकडे वळतात,
आणि तेवढा वेळ मी
हातमोज्यांच्या खोक्यात उगाच काहीतरी शोधत राहते.

बुधवारी सुट्टीत सरी स्ट्रीटच्या बाजारात
मेथी मिळाली. भेंडीही होती, पण जून.
येताना ट्रामच्या वळणावर पांढरी व्हॅन,
टपावर दोन कॅमेरे.
कावळाही बघताना मान वाकडी करतो,
हे सरळ बघत होते.
शेजारी पाटी होती. ती वाचून होईतो
माझं तोंड आत जाऊन
बाहेर आलं होतं.
मिटलेलं होतं, तरी.

एक मिनिट, मॅडम.
पोरगी पंचविशीची, कमरेला सतरा वस्तू,
हातातल्या फोनवर दोन तोंडं शेजारी शेजारी :
एक माझं, आत्ताचं, मेथीसकट,
दुसरं कुणा बाईचं.
शंभरातले चौसष्ट गुण जुळले होते.
आमच्याकडे छत्तीसातले अठरा जुळले तरी
लग्न लावून देतात,
तेव्हा यंत्राला तरी काय बोलायचं.

नाव विचारलं. अनघा.
स्पेलिंग विचारलं. अर्थ नाही विचारला.
पत्ता, जन्मतारीख, ओळखपत्र.
मी भराभर दिलं सगळं,
न मागितलेलंही दिलं : डेंटिस्ट आहे,
अकरा वर्षं इथे आहे,
मेथीची पावती देत नाहीत तिथे.
लोक वळसा घालून जात होते
आणि पुढे जाऊन वळून बघत होते.
त्यांत एक माझा पेशंट. मिस्टर लिंडो.
खालची डावी दाढ, रूट कॅनल, मार्च.
त्यांनी ओळख दाखवली नाही.

सात मिनिटांनी पोरगी म्हणाली,
सॉरी हं, तुम्ही ती नाही.
तुमचा फोटो आपोआप पुसला जाईल.
पाटीसारखा की ताटासारखा,
हे विचारायचं राहिलं.
एवढंच विचारलं, ती म्हणजे कोण?
ते सांगता येत नाही, म्हणाली,
त्या बाईच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे.
मला हसू आलं. यायला नको होतं.

रात्री ओटा पुसून झाल्यावर
बाथरूमच्या आरशात उभी राहिले बराच वेळ.
चौसष्ट कुठले आणि छत्तीस कुठले?
नाक तिचं धरलं तर हनुवटी माझी उरते.
लहानपणी गालावर तीट लावायचे,
धड चेहऱ्यात मुद्दाम केलेली एक चूक,
म्हणजे नजर घसरते, बसत नाही.
काजळाची डबी शोधली. वाळून गेली होती.
बोट ओलं करून घासलं,
गालावर टेकवलं,
आणि स्वतःचीच लाज वाटून धुऊन टाकलं.

ती कुठे असेल आत्ता?
टोपी पुढे ओढून कुठल्या गल्लीतून जात असेल,
काय केलंय तिने, कुणाचं?
की तिलाही कुणी परवा थांबवून म्हणालं,
डॉक्टर, माझी दाढ अजून ठणकते हो.

त्यानंतर मी मागच्या रस्त्याने जाते.
सहा मिनिटं जास्त लागतात.
लपवायचं काही नाही.
असं नवरा म्हणतो, आणि तेही खरंच आहे,
तो आंघोळीला जाताना कडी लावतो.

शुक्रवारी मिस्टर लिंडो आले, कॅप बसवायला.
हवेबद्दल बोलले, ट्रामच्या संपाबद्दल बोलले,
खुर्ची मागे गेली तशी गप्प झाले.
मी विचारलं, बघू का?
त्यांनी तोंड उघडलं
आणि डोळे घट्ट मिटून घेतले.
दिवा डोळ्यांवर येत असेल.
मी तो जरा खाली केला.