उसना तास

आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास.
हेल्वे चौकटींच्या कागदावर मांडते तेव्हा
आधी यंत्राचे बारा वजा करते,
मग ताव्होच्या गाडीतले जाण्या-येण्याचे सहा,
मग घरी आल्यावर सोफ्यावर
नुसती पडून राहते ते.
झोपेचं तर विचारूच नका.
उरतं ते हिरव्या पेन्सिलीने, हलक्या हाताने.

तीस वर्षं तिने व्होरूच्या आसपासची जमीन मोजली.
सोव्हिएत काळ सरला,
शेतं जुन्या मालकांना परत मिळू लागली,
अन् हातभर बांधावरून सख्खे भाऊ
बर्फात उभे राहून एकमेकांची आई काढू लागले.
आई एकच.
साखळी गुंडाळत ती एवढंच म्हणायची,
रेघ इकडे घ्या, तिकडे घ्या,
क्षेत्रफळ काही वाढत नाही.

पहिल्या वर्षी तिने वेळेचा सदुपयोग करून पाहिला.
डाव्या हातात दोन सुया,
उजव्यात इटालियन शिकवणारं पुस्तक.
हॉटेलात काय मागवायचं ते सगळं पाठ झालं:
एक मोठा ग्लास पाणी. अजून एक, कृपा करून.
मग पुस्तक मारित नर्सला देऊन टाकलं.
तिचा तिकडे कुणीतरी आहे म्हणे.

आता ती खिडकीतून पार्किंग बघते.
शेजारच्या खुर्चीतला आर्वो, मधमाश्या पाळणारा, म्हणतो,
काहीतरी करत जा बाई, वेळ जात नाही.
जातो रे, ती म्हणते. बघ ना, गेला.

पाणी दिवसाला सातशे मिली.
त्यात सूप आलं, गोळ्यांचे घोट आले,
सकाळची कॉफी दीडशे.
बटाटे दोनदा उकडून पाणी ओतून द्यायचं,
चव गेली तर गेली.
आणि रात्रीसाठी राखलेला
क्रॅनबेरीच्या रसाचा एक बर्फाचा खडा.
तो चावायचा नाही.
जिभेखाली, गालात, पुन्हा जिभेवर,
बातम्या संपेपर्यंत पुरवायचा.
सुखात आहेस ना, असं बहिणीने फोनवर विचारलं
तेव्हा तोंडात नेमका तोच होता,
म्हणून उत्तर राहिलं.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
त्या रात्री तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात.
जन्मभर रेघा ओढणाऱ्या बाईला
पहिल्यांदाच कुणी क्षेत्रफळ वाढवून दिलं.
आठवडाभर बेत चालले:
पत्रं, मुलाचे जुने फोटो,
खालच्या कपाटाची निखळलेली बिजागरी.

जाग आली ती जुन्याच वेळेला.
स्वयंपाकघरात अंधार. फ्रीज मध्येच गुरगुरून थांबला.
खालच्या मजल्यावरचा कुत्रा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं,
दाराशी येऊन नखं वाजवू लागला,
आणि मालक झोपेतून ओरडला,
अजून वेळ आहे!
हेल्वे हसली. एकटीच, बराच वेळ.
बिजागरी तशीच लोंबत राहिली.
तास संपला तेव्हा बाहेर फटफटत होतं.
काय केलं म्हणाल, तर
बर्चवरची उरलेली पानं मोजली. एकवीस.
एक मोजून झाल्यावर पडलं.

उसना तास तो, मार्चमध्ये परत करायचा.
आपल्याकडे उसनं फेडताना
वाटीवर थोडी शीग ठेवतात,
हे तिला कुणी सांगितलं नसणार.
पण मार्चच्या त्या सोमवारी,
पाच म्हणजे खरं तर चारच,
ती आणखी पंधरा मिनिटं आधी उठली,
थर्मासमध्ये कॉफी भरली, दोन चमचे साखर,
आणि गाडीत चढता चढता ताव्होच्या हातात दिली.
तुमची?
माझी झाली, ती म्हणाली. दीडशे.
तो फुंकर मारत प्यायला.
वाफ पुढच्या काचेवर चढली.
ती पुसून होईपर्यंत
गाडी जागची हलली नाही.