खोडरबर

आर्वो लाहटिनेनच्या घरी चोरी झाली
तेव्हा खिडकी फुटली नाही, कुलूप तुटलं नाही.
बर्फाच्या फावड्यामागे खिळ्याला किल्ली असते
हे ठाऊक असलेलं कुणीतरी आलं,
तळघरातून कॉमिक्सची नऊ खोकी उचलली
आणि जाताना दिवा मालवून गेलं.
"घरंदाज चोर," म्हणाला.
हसला नाही.

डुलुथमध्ये फेब्रुवारीत सरोवराचा दगड होतो.
माझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी, हीटरची घरघर जास्त.
तो यादी घेऊन आला. चौकटीच्या वहीचे सतरा कागद,
लोखंडाच्या धक्क्यावर बत्तीस वर्षं वजनं नोंदलेलं अक्षर:
महिना, साल, कोपरा दुमडलाय का,
पिन गंजलीय का.
पोलिसांना त्यानं एकूण आकडा सांगितला
तेव्हा पोरगेला शिपाई लिहिता लिहिता थांबला.
"चित्रांच्या पुस्तकांचे?"

"बाकीची नाही मिळाली तरी चालेल," मला म्हणाला.
खोटं. त्यातल्या तीन अंकांत घराचं छप्पर नवं झालं असतं.
"पण एक बघा. वर पाणबुड्या, हिरवा ऑक्टोपस,
आत पहिल्या पानाच्या माथ्यावर पेन्सिलीनं राइनो.
धाकटा भाऊ. दहा सेंटला घेतलं
आणि मी हात लावू नये म्हणून दुकानातच नाव घातलं.
नऊ वर्षांचा होता.
दहावं लागलंच नाही त्याला."

मी म्हटलं, बघते.
माझ्या पाठीशी, काचेच्या कपाटात,
वरून दुसऱ्या फळीवर
तो पाणबुड्या उभा होता.

ओल्या बुटांच्या एका पोराकडून घेतला होता.
आजोबांचा आहे म्हणाला. मीही खोदलं नाही;
स्वस्त मिळालं की माणूस प्रश्न कमी विचारतो.
आणि रात्री, दुकान बंद करून,
दिव्याखाली, श्वास रोखून,
कागदाची लव उठू न देता
मी ते नाव काढलं होतं.
पाच अक्षरं.
दर्जा अर्ध्या गुणानं वर गेला,
किंमत तीनशे डॉलरनं.
चुरा फुंकून टाकला. कुठे गेला असेल?
गालिच्यात, हीटरच्या फटीत.

कपाट उघडलं. अंक त्याच्यापुढे ठेवला.
त्यानं पान उलटलं. कोरं.
"हा नव्हे," म्हणाला, "पण अगदी असाच."
आणि पाकिटात परत सरकवू लागला, हळू,
दुसऱ्याची वस्तू जपतात तसा.

गप्प बसले असते तर निभावलं असतं.

मी टेबलावरचा दिवा आडवा केला,
पान उजेडात तिरपं धरलं.
पोरानं पेन्सिल दाबून चालवली होती, हक्कानं.
शिसं निघालं होतं. चर राहिली होती.

आर्वोनं चष्मा काढला, बोट टेकवलं,
आंधळा वाचतो तसं सरकवलं,
शेवटच्या अक्षरापाशी थांबला.
मग माझ्याकडे नाही,
काउंटरवरच्या पांढऱ्या खोडरबराकडे पाहिलं.
त्याचा एक कोपरा
अजून राखाडी होता.