डोळ्याखालची जागा

शेंदुरजनाघाटात माझा फोटो स्टुडिओ, एसटी स्टँडच्या मागं.
अठरा वर्षं झाली, मी लोकांच्या डोळ्याखालचं काळं पुसतो.
माउसनं. दोन क्लिक, थोडा ब्लर,
आणि नवरी रात्रभर झोपलेली दिसते.
पैसे वेगळे घेत नाही त्याचे.

तृप्ती खेरडे संत्र्याच्या कोटिंग प्लांटवर, रात्रपाळीला.
बेल्टवरून फळ येतं, धुतलं जातं, मेणाचा फवारा घेतं
आणि चमकत पेटीत जाऊन बसतं.
डागवालं ती बाजूला काढते.
बायोडाट्याच्या फोटोला आली तेव्हा म्हणाली,
"दादा, फोटोतलं जाईन. माह्यं कसं जाईन?"
मी हसलो.
तेव्हा हसायला नको होतं.

नलूताईच्या पार्लरात रविवारी परतवाड्याचे एक सर यायचे,
दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट मोबाइलात घेऊन.
डोळ्याखालच्या खड्ड्यात भरायचं जेल, वर्षभर टिकते म्हणे.
एक सिरिंज, दोन बाया. म्हणून स्वस्त.
तृप्तीनं बोनसमधले साडेचार हजार मोजून दिले.
कोणी विचारलंच नाही, खड्डा आहे की नुसता रंग.
तिच्या आईच्या डोळ्याखाली तोच रंग, मावशीच्याही.
सगळ्यांचे पासपोर्ट फोटो मीच काढलेत.
रंग काय भरून जातो?

पहिले दोन आठवडे ती खूश होती. खोटं कशाला बोलू,
मलाही छान वाटली.

मग सकाळी सकाळी फुगायला लागलं.
डाव्या डोळ्याखाली गव्हाच्या दाण्याएवढी गाठ
अन् कातडीतून निळसर काहीतरी.
उजेडाचं काम करतो मी, तरी आधी कळलं नाही:
निळं तिथं काही नव्हतंच.
पातळ कातडी, खाली पारदर्शक जेल,
त्यात उजेड अडखळतो आणि निळा होऊन परततो,
जसा इथून सातपुडा निळा दिसतो
आणि जवळ गेलं की नुसता दगड, सागाची पानं.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिला.
मी सोबत होतो, गाडी माझी होती.
म्हणाल्या, विरघळवायचं औषध आहे, दोनदा यावं लागेल.
मग कागदावर पेननं चेहरा काढला,
नाकाच्या बाजूनं एक रेघ वर, डोळ्यापर्यंत.
"ही नस. सुई हिच्यात गेली असती,
तर जेल उलटं सरकून डोळ्याच्या पडद्याचं रक्त अडवतं.
हातात मिनिटं असतात, दिवस नाही.
माझ्या हातूनही होऊ शकतं, क्वचित.
म्हणून औषध टेबलावर आल्याशिवाय मी सुई उचलत नाही.
तुमच्या सरांच्या टेबलावर काय होतं?"
तृप्ती आठवत राहिली.
"बर्फ," ती म्हणाली. "अन् पेढे. कोणाचा तरी वाढदिवस होता."

परतताना मोर्शीपर्यंत कोणी बोललं नाही.
तिनं एकदा डावा डोळा झाकला, मग उजवा,
आळीपाळीनं, खिडकीबाहेर पाहत.
पऱ्हाटी दिसत होती. एक बकरी. टॉवर.

सोमवारी स्टुडिओत आली. तक्रारीला फोटो पाहिजे होता.
"इरघळायच्या आंधी काढून ठेव. अन् दादा,
आज काही पुसू नोको."

समोरचे दोन्ही लाइट मी बंद केले.
एकच ठेवला, बाजूचा, तिरपा.
असा उजेड मी कोणत्याच बाईवर कधी टाकला नाही,
यात जरा जरा उंचवट्याची सावली पडते.
गाठ आली. निळं आलं.
गाठीच्या खाली रात्रपाळीचं काळंही आलं, जसंच्या तसं.

स्क्रीनजवळ येऊन तिनं लय वेळ पाह्यलं.
"हे," काळ्यावर बोट टेकवून म्हणाली, "माह्या मायचं हाय.
हे वालं राहू दे."